लोकर टिकते, गोणपाट थकते

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात किंवा कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एखाद्या घरगुती विक्रीत आकडीचा गालिचा, म्हणजे तिकडचा ‘हुक्ड रग’, हमखास दृष्टीस पडतो. साधारण दोन बाय तीन फुटांचा, मधोमध गुलाबांचा गुच्छ किंवा बसलेला कुत्रा, भोवती पानांची वेलबुट्टी, रंग थोडे विटलेले, एक कोपरा झिजलेला. घेणारा त्याच्या दर्शनी बाजूवर भाळतो. ज्याला तो दुरुस्त करायचा आहे, त्याने मात्र आधी तो पालथा घालावा. या गालिच्याचे वय, त्याचे दुखणे आणि त्याचे उरलेले आयुष्य या तिन्ही गोष्टी पाठीवर दिसतात. दुरुस्ती जमेल की नाही, हेही पाठच ठरवते.

गाठ नसलेली कारागिरी

हा गालिचा कसा बनतो ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून बसवतात. कापडाची लांब पट्टी डाव्या हाताने खालून धरायची, उजव्या हातातली आकडी वरून गोणपाटाच्या छिद्रात घालायची, पट्टी पकडायची आणि वर ओढायची. वर पट्टीचा छोटा वळसा, म्हणजे लूप, उभा राहतो. मग एखादे छिद्र सोडून पुढचा लूप, त्याच्यापुढे आणखी एक. पट्टी संपली की तिचे टोकही वर काढून लूपांच्या उंचीला कापायचे. सारे चित्र अशा हजारो लूपांनी भरत जाते.

यात कुठेही गाठ नाही, शिवण नाही, डिंक नाही. आपल्या गोधडीत जुन्या कपड्यांचे थर धावदोऱ्याने एकमेकांना बांधलेले असतात. एका जागी दोरा तुटला तरी शेजारचे टाके थर धरून ठेवतात. इथे असे बांधणारे काहीच नाही. गोणपाटाचे धागे लूपाला आवळून धरतात आणि शेजारचे लूप एकमेकांना दाबून उभे ठेवतात, एवढ्यावरच गालिचा टिकतो. खालचा एक धागा तुटला की त्याने धरलेला लूप मोकळा होतो. तो निघाला की शेजाऱ्यावरचा दाब कमी होतो, आणि भोक पसरत जाते. वरची लोकर कितीही धडधाकट असली तरी ती हे थांबवू शकत नाही.

म्हणजे या एका वस्तूत दोन वेगवेगळी आयुष्ये एकत्र नांदतात. कसरीपासून जपली तर लोकर शंभर वर्षे सहज काढते. गोणपाट तेवढे काढेलच असे नाही. आकडीच्या गालिच्याचा जीर्णोद्धार म्हणजे या दोन आयुष्यांतली तफावत सांभाळण्याचे काम.

बंगालचा ताग, मेनचा फेरीवाला

हे गोणपाट अमेरिकेतल्या शेतघरात पोहोचले कसे, याचे उत्तर आपल्याकडच्या मातीत सापडते. बंगालच्या पाणथळ शेतांतला ताग जहाजांनी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात जाई. हा राठ धागा यंत्रावर कातताना तुटत असे. तो देवमाशाच्या तेलाने मऊ केला की कातता येतो, हे डंडीच्या गिरणीवाल्यांना १८३०च्या दशकात साधले आणि तागाचे कापड स्वस्तात निघू लागले. पुढे १८५५मध्ये कोलकात्याजवळच्या रिश्रा इथे भारतातली पहिली ताग गिरणी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धान्य आणि गुरांचे खाद्य भरलेली तागाची पोती उत्तर अमेरिकेच्या गावोगावी पोहोचली होती.

रिकामे पोते फुकटचे असे. ते उसवून, धुऊन चौकटीवर ताणले की गालिच्याची जमीन तयार. त्याआधी या जमिनीसाठी लिननसारखे कापड लागे. ते महाग आणि घट्ट विणीचे. गोणपाटाची वीण मोकळी, त्यामुळे आकडी सहज आरपार जाते. वर ओढायला झिजलेले कोट, फ्लॅनेलचे कपडे, जुने परकर होतेच. मेन आणि न्यू हॅम्पशायरच्या, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकच्या लांबलचक हिवाळ्यांत बायकांनी हे काम घराघरांत वाढवले. अनेक जुने गालिचे एका उसवलेल्या पोत्याच्या मापाचे असतात, ते यामुळेच. यातून वय ओळखण्याचा एक खात्रीचा ठोकताळा मिळतो: पाठीवर गोणपाट असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, तो गालिचा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला असण्याची शक्यता फार कमी.

सुरुवातीला नक्षी हातानेच काढत, पुष्कळदा चुलीतल्या कोळशाने. मेन राज्यातल्या बिडफर्डचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट याने त्यात मोठा बदल केला. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात लढून आलेला आणि नंतर दारोदार पत्र्याची भांडी विकणारा फेरीवाला. १८६८च्या सुमारास पत्नीला आकडीकाम करताना पाहून त्याने तिच्यासाठी गोणपाटावर नक्षी काढून दिली. शेजारपाजारच्या बायका तशीच मागू लागल्या, तेव्हा त्याने पत्र्याचे छाप कापले आणि नक्षी छापलेले गोणपाट तो विकू लागला. १८७६मध्ये त्याने हा धंदा विकला, पण फुले, वेलबुट्टी, सिंह, कुत्रे यांच्या त्याच्या नक्षी पुढे कितीतरी वर्षे चालत राहिल्या. त्याचे छाप आज मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथल्या ‘द हेन्री फोर्ड’ संग्रहालयात आहेत. तुमच्या गालिच्याच्या दुमडलेल्या काठाखाली, जिथे लूप पोहोचले नाहीत तिथे, छापील रेघ उरली असेल तर ती जपा. नक्षी छापील असली तरी रंगांची निवड करणारणीची असे. म्हणून एकाच छापाचे दोन गालिचे शेजारी ठेवले, तरी ते दोन वेगळ्या घरांतले आहेत हे कळते.

गोणपाट का थकते

तागात लिग्निन भरपूर असते, साधारण बारा-तेरा टक्के. लाकडाला कडकपणा देणारा हाच घटक. प्रकाश आणि हवा लागून लिग्निनमध्ये बदल होतो, धागा पिवळट-तपकिरी पडतो, आम्लता वाढते आणि सेल्युलोजची साखळी जागोजागी तुटू लागते. स्वस्त वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो, त्यामागेही हेच रसायन आहे. दमट फरशीवर पडून राहिलेल्या गालिच्यात याला बुरशीची जोड मिळते.

दुसरा शत्रू बारीक वाळू. ती लूपांमधून खाली उतरते आणि गोणपाटापाशी जाऊन बसते. वरून प्रत्येक पाऊल पडताना तिचे टोकदार कण धाग्यांवर घासतात. वरून स्वच्छ दिसणारा गालिचा आतून असा कापला जात असतो.

तिसरा शत्रू पाणी. ओला ताग कोरड्यापेक्षा कमजोर असतो, शिवाय तो आकसतो. भिजलेला गालिचा हळूहळू वाळला, तर तागातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि फिकट लोकरीवर चहासारखे डाग उमटतात. त्यामुळे जुना आकडीचा गालिचा बादलीत बुडवणे किंवा धुलाई यंत्रात टाकणे म्हणजे त्याचा शेवट ओढवून घेणे.

पाठ वाचताना

टेबलावर पांढरी चादर अंथरून गालिचा तिच्यावर पालथा ठेवा. भरपूर उजेड घ्या. आता एक कोपरा तळहातावर घेऊन अलगद, अगदी थोडा वाकवा आणि कान द्या. निरोगी गोणपाट मुकाट वाकते. कोरड्या पानासारखी करकर ऐकू आली, किंवा चादरीवर तपकिरी भुसा पडला, तर तिथे धागा मेला आहे. हीच परीक्षा चारही कोपऱ्यांवर आणि काठाने करा, मग मध्याकडे या. बहुतेक वेळा काठ आणि दुमडलेली घडी आधी जाते. मधला भाग चांगला असला, तर दुरुस्तीला जागा आहे.

त्यानंतर आधीच्या मालकांनी काय काय केले ते पाहा. ठिगळे, डिंक, चिकटपट्टी, इस्त्रीने चिकटवलेली फीत. सर्वांत अवघड म्हणजे पूर्ण पाठीवर फासलेले रबरी लॅटेक्स. लूप निघू नयेत या चांगल्या हेतूने अनेकांनी ते फासले. काही वर्षांत लॅटेक्स कडक होते, तडकते, वाळू अडकवून ठेवते, आणि त्यातून आकडी जात नाही. ते खरवडायला गेले तर गोणपाटही सोबत निघते. असा गालिचा शक्यतो तसाच ठेवावा, किंवा वस्त्रसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती द्यावा.

कसर लागली आहे का हेही आत्ताच पाहायचे. पांढरट जाळी, तांदळाच्या दाण्याएवढ्या पोकळ कोषाच्या नळ्या, वाळूसारखी विष्ठा, आणि जिथे फक्त लोकरीचे लूप खाल्लेले पण सुती लूप शाबूत, असे भाग ही तिची लक्षणे. संशय असला तरी गालिचा घरात इतर लोकरीजवळ नेऊ नका. तो सैल गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचे, नाहीतर बाष्प गालिच्यावर साचते.

हात लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. पाठीवर कापडी खूण, नाव, तारीख किंवा दुकानाची चिठ्ठी असेल, तर ती तिथेच राहिली पाहिजे.

धूळ काढण्याची रीत

गालिचा दोरीवर टाकून काठीने झोडपण्याची सवय इथे सोडावी लागते. लटकला की त्याचे वजन थकलेल्या धाग्यांवर येते आणि झोडपला की ते तुटतात. न्यू इंग्लंड आणि कॅनडातल्या बायका कडाक्याच्या थंडीत कोरड्या भुसभुशीत बर्फावर गालिचा ठेवून वर बर्फ पसरत आणि झाडून काढत. बर्फ धूळ घेई आणि वितळत नसल्याने पाणी मुरत नसे. चांगल्या गोणपाटाला ही रीत चाले.

जीर्ण गालिच्यासाठी याहून सौम्य उपाय आहे. तो काही दिवस चादरीवर पालथा राहू द्या; सुटी वाळू आपसूक खाली येते. मग सुलटा करून वर नायलॉनची बारीक जाळी धरा आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या साध्या तोंडाने, कमीत कमी ओढ ठेवून, जाळीवरून सावकाश फिरा. फिरता ब्रश अजिबात वापरू नका. जाळीमुळे सुटे लूप ओढले जात नाहीत.

ओल्या सफाईची गरज वाटलीच, तर आधी प्रत्येक रंग तपासा. पांढरा सुती बोळा किंचित ओला करून लूपांवर थोडा वेळ दाबायचा. बोळ्यावर रंग आला तर पाण्याचा विचार सोडून द्या. गडद लाल आणि काळे रंग यात जास्त दगा देतात. रंग पक्के असतील आणि गोणपाट ठणठणीत असेल, तर लोकरीसाठीच्या सौम्य साबणाचा नुसता फेस मऊ कापडावर घेऊन लूपांची टोके पुसावीत, लगेच दुसऱ्या ओलसर कापडाने टिपावीत, आणि गालिचा सपाट ठेवून पंख्याखाली वाळवावा. ओल गोणपाटापर्यंत जाऊ द्यायची नाही. ब्लीच आणि कपडे धुण्याची तीव्र पावडर लोकरीचा घात करतात.

ठिगळ कसे बसते

दुरुस्तीचे तीन प्रकार पडतात, आणि कोणता करायचा ते पाठ वाचताना ठरलेले असते.

पहिला, गोणपाट शाबूत आहे पण लूप निघाले आहेत. हे सर्वांत सोपे. त्याच जाडीची पट्टी घ्यायची आणि रिकाम्या छिद्रांतून मूळ ओळीच्या दिशेने लूप पुन्हा ओढायचे. उंची शेजाऱ्यांएवढी. जागा आहे म्हणून प्रत्येक छिद्र भरायचे नाही. दाटी झाली की गालिचा फुगतो आणि जुन्या धाग्यांवर ताण येतो.

दुसरा, गोणपाटाला भोक आहे पण भोवतीचा भाग चांगला आहे. इथे ठिगळ लागते. भोकाच्या कडेने काही ओळींचे लूप हलक्या हाताने मोकळे करायचे आणि पट्ट्या क्रमाने बाजूला ठेवायच्या. त्यांतल्या बऱ्याच परत वापरता येतात. नव्या लिननचा किंवा चांगल्या गोणपाटाचा तुकडा भोकापेक्षा सर्व बाजूंनी दीड-दोन इंच मोठा कापायचा आणि मागून लावायचा. त्याचे उभे-आडवे धागे जुन्या कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी समांतर आले पाहिजेत. तिरके बसले तर ओढ वाकडी पडते आणि काही दिवसांनी ठिगळाभोवती सुरकुत्या येतात. कच्च्या दोऱ्याने टाचून घ्या, मग कडेने लहान टाके घाला. जिथे जुने आणि नवे कापड एकावर एक आहे, तिथे दोन्हींतून लूप काढायचे, मध्यावर फक्त नव्यातून. दोन थरांतून गेलेले लूपच ठिगळाला खरे धरून ठेवतात.

दोरा सुती किंवा लिननचा घ्या. नायलॉनचा दोरा मजबूत म्हणून आकर्षक वाटतो, पण तो जुन्या तागापेक्षा इतका चिवट असतो की ताण आला की दोरा टिकतो आणि ताग कापला जातो. दुरुस्तीतला दोरा मूळ कापडापेक्षा थोडा कमजोर असावा, म्हणजे तुटायची वेळ आली तर नवा टाका तुटेल आणि जुनी वस्तू वाचेल. डिंक आणि इस्त्रीने चिकटणारी फीत टाळण्याचे कारणही असेच: टाके उसवता येतात, डिंक उसवता येत नाही.

काठ झिजले असतील तर जुनी घडी कापून टाकू नका. मागून सुती फीत आधाराला लावा आणि काठावर लोकरीचा धागा गुंडाळत टाके घाला. पावलांचा मार काठ सर्वांत जास्त खातो, म्हणून हे काम लवकर केलेले बरे.

तिसरा प्रकार, गोणपाट सगळीकडे मेले आहे. इथे पुन्हा आकडी लावणे म्हणजे उरलेले धागेही तोडणे. असा गालिचा पूर्ण मापाच्या धुतलेल्या लिननवर पसरायचा आणि जिथे जिथे ताकद उरली आहे तिथे लूपांच्या मधून बारीक टाके घालून त्याला आधार द्यायचा. तो यापुढे जमिनीवर जाणार नाही. तिरप्या फळीवर किंवा कापड चढवलेल्या चौकटीवर तो पाहता येईल.

जुन्या रंगाशी जुळवून घेणे

लोकरीचा रंग जुळवताना पाठ पुन्हा उपयोगी पडते. उजेड न लागल्यामुळे पाठीवरचे रंग बरेचसे मूळचे असतात. समोरचा राखाडी-तपकिरी भाग मागे जांभळा निघतो, मळकट पिवळा मागे लख्ख हिरवा. १८५६मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला. त्यानंतर आलेले अनेक स्वस्त रंग उजेडात लवकर उडत. मागचा रंग मूळ गालिचा कसा होता ते सांगतो. नव्या पट्टीचा रंग मात्र समोरच्या विटलेल्या रंगाशी जुळवायचा, नाहीतर दुरुस्ती डोळ्यांत खुपते.

सर्वांत चांगली लोकर जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळते: पूर्ण लोकरीचे स्कर्ट, कोट, पातळ कांबळी. आणल्यावर गरम पाण्यात धुवा. लोकर आटून दाट होते आणि पट्टीच्या कडा सुटत नाहीत. रंग थोडा चुकत असेल तर आम्लधर्मी रंगाच्या फिकट द्रावणात व्हिनेगर घालून उकळीच्या खाली ठेवून रंगवता येतो. ‘जुनेपणा’ आणण्यासाठी चहात बुडवण्याचा मोह टाळा; चहातले टॅनिन गालिच्यात नवी आम्लता आणते.

पट्टीची रुंदी मोजूनच कापा. पट्ट्या कापणाऱ्या यंत्रांवर आकडे असतात, ते इंचाचे बत्तिसावे भाग: क्रमांक ३ म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर, क्रमांक ८ म्हणजे पाव इंच. जुन्या घरगुती गालिच्यांत पट्ट्या कात्रीने कापलेल्या, त्यामुळे रुंदी कमी-जास्त असते. अशा गालिच्यात यंत्राची एकसारखी पट्टी परकी वाटते. कात्री घ्या आणि मूळ हाताचा असमानपणा राखा.

प्रत्येक गाव वेगळे

सगळे आकडीचे गालिचे चिंध्यांचे नसतात. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज डॉक्टर १८९२मध्ये आले. त्यांच्या मिशनमध्ये १९०६पासून जेसी ल्यूथर यांनी हस्तोद्योग उभा केला. कोळ्यांच्या बायकांना आकडीकाम आधीपासून येतच होते. मिशनने त्यांना नक्षी, साहित्य आणि बाजारपेठ दिली. १९२०च्या दशकात मिशनने अमेरिका-कॅनडातल्या स्त्रियांकडून जुने रेशमी स्टॉकिंग मागवले. ते रंगवून, कापून त्यांच्या पट्ट्या केल्या. ध्रुवीय अस्वले, कुत्र्यांच्या घसरगाड्या, उडती बदके अशी चित्रे सरळ आडव्या ओळींत आणि जवळजवळ प्रत्येक छिद्रातून काढलेली असतात. अशा गालिच्यात लोकरीची जाड पट्टी घालणे म्हणजे चित्र बिघडवणे. जुन्या स्टॉकिंगचे रेशीम किंवा रेयॉनच लागते, आणि पाठीवरची मिशनची कापडी खूण जिवापाड जपावी लागते.

केप ब्रेटनमधल्या शेटिकॅम्प या फ्रेंचभाषक गावात १९२०च्या दशकाच्या अखेरीस लिलियन बर्क यांच्या मार्गदर्शनाखाली दुसरी परंपरा वाढली: लोकरीचा बारीक धागा आणि मवाळ रंग. तिथे पट्टी चालत नाही, धागाच हवा. गालिचा कुठला हे ओळखण्याला एवढे महत्त्व यासाठी की साहित्य, ओळींची दिशा आणि लूपांची दाटी या गोष्टी गावागणिक बदलतात, आणि दुरुस्ती त्या गावच्या हाताला साजेशी व्हावी लागते.

थांबायचे कुठे

दुरुस्ती चांगली जमू लागली की गालिचा अगदी नवा करून टाकावासा वाटतो. या कामात मात्र संयम राखावा लागतो. एखादे फूल विटले आहे म्हणून ते उपसून नवे भरू नका. बनवणाऱ्या बाईने पानाला वापरलेला विचित्र निळा तुकडा हिरवा संपल्यामुळे आला असेल. तो ‘सुधारणे’ म्हणजे तिच्या हिवाळ्यातली एक अडचण आणि तिने काढलेला मार्ग दोन्ही पुसणे. जे सुटत आहे ते थांबवा, जे गेले आहे तेवढेच भरा.

दुरुस्त झालेला गालिचा गुंडाळताना लूप बाहेरच्या बाजूला राहू द्या. उलटे गुंडाळले तर पाठ ताणली जाते. घडी कधीच घालू नका. जमिनीवर ठेवायचा तर खाली मऊ गादी घाला आणि वर्दळीची वाट टाळा.

शेवटचे काम सुईचे नाही, लेखणीचे आहे. एका सुती पट्टीवर दुरुस्तीचे वर्ष, कोणता भाग नवा आहे, कोणती लोकर आणि कोणता दोरा वापरला, एवढे न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि ती पट्टी पाठीच्या काठाला चार टाक्यांनी अडकवा. लिनन आणि लोकर पुढची अनेक वर्षे टिकतील, उरलेले गोणपाट थकतच जाईल, आणि हा गालिचा पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर पालथा पडेल. त्या माणसाला जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे विनासायास कळले, तर तो आपले टाके निर्धास्तपणे उसवू शकेल. आपली दुरुस्ती चांगली झाली की नाही, याची खरी परीक्षा हीच.